सबुरी युरिया आणि वहिनींचा हार

शनिवार, ३ जानेवारी २०२६. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.
गच्चीवरच्या खोलीत एकटाच. चाळणीत युरियाचे दाणे घेऊन त्यावर ड्रॉपरने विरघळलेला थर्माकोल सोडत होतो, तेव्हा आईने खालून हाक मारली. ओ दिली नाही. संशोधन चालू असताना ओ देता येत नाही.

आजपासून रोजनिशी. पुढे पेटंटवाले विचारतील, हे कोणत्या तारखेला सुचलं, तर पुरावा हवा. शुद्धलेखनाकडे लक्ष ठेवायचं. पॉलिमर, वेलांटी पहिली.

कल्पना थोडक्यात. आमची केळी फोपनार गावात. युरिया टाकला की बराचसा पाण्याबरोबर जमिनीत निघून जातो, म्हणून बाबा सारखे टाकत राहतात. दाण्यावर पॉलिमरचं पातळ कवच असेल तर आतला युरिया हळूहळू सुटेल. तीन महिन्यांना एक डोस. कंपन्या असं खत बनवतात, पण महाग. मी घरी बनवणार. थर्माकोल म्हणजे पॉलिमरच. तो थिनरमध्ये विरघळतो, मग थिनर उडून जातो आणि कवच राहतं. बी.एस्सी.ला माझी केमिस्ट्री राहिली आणि कॉलेज सुटलं, त्यात माझा दोष नव्हता. पेपर तपासणारे घाईत होते.

नाव ठरलं: सबुरी युरिया.
निश्चय: २५ तारखेला, रथसप्तमीला, बाबांच्या हातात पहिली गोणी.

सोमवार, ५ जानेवारी. दुपार.
पहिला घाणा. सगळे दाणे एकमेकांना चिकटून चिक्की झाली. बाबांनी वर येऊन पाहिली, बोटाने वाजवली आणि विचारलं, गिऱ्हाइकाला काय हातोडी फुकट देणार का. बाबा जुन्या विचारांचे.

दीपककडे गेलो. दीपक शाळेतला दोस्त, चौकात फर्निचर पॉलिशचं दुकान. थिनर उधार देतो आणि वर बोलतो. म्हणाला, अबे रितेश, तुझ्या केळीला आता पॉलिश मारूनच मंडीत नेशील का. मी हसलो नाही. हसलो असतो तर थिनर रोखीने घ्यावं लागलं असतं, कारण मग त्याला वाटलं असतं मी खुशीत आहे.

उपाय सापडला: टाल्कम पावडर. दाणे ओले असतानाच घोळवायचे.

बुधवार, ७ जानेवारी.
दुसरा घाणा. दाणे सुटे. पाण्याच्या ग्लासात टाकले. चहा गाळेपर्यंत विरघळले.
याला अपयश म्हणत नाहीत, बेसलाइन म्हणतात.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी ३.
तिसरा घाणा. तीन थर. प्रत्येक थरानंतर पंख्याखाली वाळवून पावडर. थिनरचा वास पूर्ण गेला, पावडरचा मंद सुगंध राहिला. दाणे पांढरेशुभ्र, गोल, अंगावर बारीक काटे. जेवायला जाण्याआधी ग्लासात टाकून गेलो. परत आलो तर आईने ग्लास विसळून ठेवलेला. म्हणजे जेवणापर्यंत नक्की टिकले. नोंद: टिकाऊपणा सिद्ध.

सगळा माल स्टीलच्या डब्यात भरला. चिठ्ठी लावायची होती, पण पेनाची शाई पुसली जात होती.

सोमवार, १२ जानेवारी.
घरात धावपळ. दादाचं, म्हणजे धर्मेंद्रचं, नोव्हेंबरात लग्न झालं. वर्षावहिनींची ही पहिली संक्रांत. बुधवारी अंगणात हळदीकुंकू. वहिनींचे वडील पेपर मिलमध्ये आहेत, मंडळी मूळची महाराष्ट्रातली. त्यांच्याकडे सगळे वाक्य पूर्ण करून बोलतात. आपल्याकडे आई निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलते आणि उरलेलं हाताने.

वहिनींच्या आईने, निर्मलाकाकूंनी, हलव्याचे दागिने पाठवले. हार, बिंदी, बाजूबंद, कमरपट्टा. हलवा घरी केलेला. पंधरा दिवस मंद आचेवर पाकाचा एकेक चमचा सोडत बसल्या म्हणे. वहिनींचे बाबा खोकं मांडीवर घेऊन बसने आले.

संध्याकाळी आईने मुंग्या लागू नयेत म्हणून खोकं उंच फळीवर ठेवायला घेतलं आणि हार खाली पडला. पुठ्ठा राहिला, हलवा राहिला नाही. आईने दार लावलं आणि मला एकट्याला सांगितलं, बेटा, विहीणबाईला कळलं तर काय म्हणेल, पहिल्याच सणाला हिने मोडला. तू उद्या पावशेर हलवा आण, बारीक, काटेवाला. मी जोडते. कुणाला बोलू नको.
हो म्हणालो.

मंगळवार, १३ जानेवारी. सकाळी ११.
आईने खालून विचारलं, हलवा आणला का नई, का मीच जाऊ. चौथा घाणा निम्म्यावर होता, हात थांबवता येत नव्हता. म्हणालो, आणला ना, वर ठेवलाय.
हे खोटं नाही. संध्याकाळी आणायचाच आहे. वाक्य फक्त थोडं आधी बोललं गेलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.
दीपककडे थिनर आणायला गेलो. परत आल्यावर लक्षात आलं की हलव्याचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. उद्या सकाळी आठला पहिलं काम.

बुधवार, १४ जानेवारी. सकाळी १०.
आठला उठलो नाही, साडेनऊला उठलो. खाली आलो तर आई पुठ्ठ्यावर डिंकाने शेवटचे दाणे लावत होती. पाटावर माझा स्टीलचा डबा. पहाटे स्वतः वर जाऊन घेऊन आली होती, तू झोपला होता, उठवलं नई, म्हणाली.

हार सुंदर झाला होता. आईने तो उजेडात धरला आणि म्हणाली, कुठून आणला रे, किती एकसारखा दाणा आहे, विहीणबाईच्या हातचा पण इतका नई. मग म्हणाली, या घरात एक काम तू धड केलंस बघ.

माझ्या कोटिंगबद्दल कुणी पहिल्यांदाच चांगलं बोललं होतं. मी डबा उचलून वर आलो.

त्याच दिवशी. दुपारी १२.
शांतपणे विचार केला.
एक, कवच तीन थरांचं आहे. दोन, जमिनीत तीन महिने टिकणार, तर वहिनींच्या गळ्यात तीन तास का नाही. तीन, हार कुणी खात नाही. चार, आता सांगितलं तर आईचा हार मोडल्याचं बाहेर येईल, म्हणजे गप्प बसण्यात आईचंच भलं. पाच, इतकी चांगली चाचणी पुन्हा मिळणार नाही.
पाचवा मुद्दा खोडणार होतो. रोजनिशी प्रामाणिक असावी म्हणून ठेवला.

त्याच दिवशी. रात्री ८.
दादाने फोटोसाठी मोठा फोकस लावला होता. वहिनी काळ्या साडीत पाटावर. गल्लीतल्या सगळ्या बायका. निर्मलाकाकू पहिल्या रांगेत बसून शेजारच्या सुलभाकाकूंना सांगत होत्या, आच जरा वाढली की काटा येत नाही, दाणा गुळगुळीत होतो. मी दाराआडून घड्याळ पाहत होतो. पहिला तास उत्तम.

मग वहिनी म्हणाल्या, मम्मी, हार गार लागतोय. काकू म्हणाल्या, जानेवारी आहे, लागणारच. मला कळलं. युरिया ओला झाला की थंड पडतो. फोकसने घाम आला होता, खालून डिंक ओला, वरून घाम. थोड्या वेळाने काळ्या साडीवर पांढऱ्या पाण्याच्या रेघा आल्या. वहिनी मान हलवेनात. गळा लाल झाला.

तरी निभावलं असतं. शहरातल्या बायका असत्या तर त्यांना कळलं नसतं. पण सुलभाकाकूंचं शेत फोपनारला आमच्या बांधाला लागून. कुंकू लावायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. म्हणाल्या, काय गं बाई, हा तर निमवाल्या युरियाचा वास. सरकारी युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मग एकेक जण येऊन वास घेऊ लागली. या सगळ्या जणींनी ओटीत युरिया भरून केळीच्या बुंध्याला टाकलाय, त्यांना कोण फसवणार. गल्लीतली अलकामावशी म्हणाली, दुधात टाकतात ऐकलं होतं, आता हलव्यात पण टाकू लागले काय.

सगळ्यांनी निर्मलाकाकूंकडे पाहिलं.

काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हलवा मी घरी केलाय, माझ्या हाताने केलाय. सुलभाकाकू म्हणाल्या, घरीच केला असंल हो, आम्ही कुठं नाही म्हणतो. त्यावर दोघी-तिघी हसल्या.

आईला माहीत होतं की हा हार काकूंचा नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी खाली पाहिलं.

निर्मलाकाकूंनी वहिनींचा हार स्वतः उतरवला, गळा पाण्याने धुतला, आणि न जेवता शेवटच्या बसने गेल्या.

गुरुवार, १५ जानेवारी.
डब्यातला उरलेला माल आणि चौथा घाणा दोन्ही घेऊन फोपनारला गेलो आणि केळीच्या ओळीत टाकून आलो. पुरावा नष्ट केला असं कुणी म्हणू नये. ही फील्ड ट्रायल आहे.

आईने बाजूला घेऊन विचारलं, कोणत्या दुकानाचा हलवा होता, मी जाऊन त्याच्या तोंडावर मारते. म्हणालो, दुकान नव्हतं, हातगाडी होती, बाहेरगावचा माणूस. आईने त्या माणसाला खूप शिव्या दिल्या. त्याचा चेहरा कसा होता तेही विचारलं. मिशी होती म्हणालो.

निश्चय: आज सांगणार.
आज सांगितलं नाही, कारण वहिनी डोकं दुखतं म्हणून झोपल्या होत्या.

शुक्रवार, १६ जानेवारी.
चूक सापडली. मी सगळं एकदम सांगायचं ठरवत होतो. एकदम टाकलेला डोस मुळाला जाळतो. खरी गोष्टसुद्धा थोडी थोडी सोडली पाहिजे, म्हणजे ऐकणाऱ्याला पचते. पाच दिवस, पाच मात्रा.

पहिली मात्रा, सकाळी स्वयंपाकघरात. वहिनींना सांगितलं, युरिया विष नसतो, पाय फुटले की लावायच्या क्रीममध्येही असतो. वहिनी म्हणाल्या, हो का.
परिणाम चांगला.

शनिवार, १७ जानेवारी.
दुसरी मात्रा. वहिनींना म्हणालो, घरात सगळेच डबे स्टीलचे असले की माणूस गोंधळतो. वहिनी म्हणाल्या, खरंय रितेशभाऊ. आणि पोळ्या लाटत राहिल्या.

रविवार, १८ जानेवारी.
तिसरी मात्रा. म्हणालो, चूक घरातल्या कुणाचीही असू शकते, तुम्ही आणि काकू सोडून. वहिनींनी लाटणं थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, भाजी वाढू का.
मात्रा कमी पडत असावी.

मंगळवार, २० जानेवारी.
काल चौथी मात्रा द्यायची होती, पण संशोधनात मन रमलं. सुधारित घाणा. सहा थर, वर आणखी एक. जे चुकलं ते दुरुस्त करणं हीच खरी माफी, असं मला वाटतं.

दुपारी दादा-वहिनींचं बोलणं भिंतीतून ऐकू आलं. मी ऐकत नव्हतो, चाळणी खाली ठेवली होती म्हणून शांतता होती. दादा म्हणत होता, तुझ्या मम्मीने बाजारातून आणून घरचा सांगितला असंल, कबूल करायला काय जातं, मोठ्या घरचे म्हणून काय. वहिनी चिडल्या नाहीत. एकदाच विचारलं, तुम्हाला असं वाटतं? मग त्या खोलीत दिवसभर कुणीच बोललं नाही.

बुधवार, २१ जानेवारी.
रविवारी सुलभाकाकूंकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू आहे. आईने भीतभीत निर्मलाकाकूंना बोलवायला फोन केला. काकू म्हणाल्या, नको विहीणबाई, मी आले की बायकांत पुन्हा विषय निघेल, तुम्हालाच अवघड होईल. आईने फोन ठेवला आणि लसूण सोलत बसली. घरात लसूण लागत नव्हता.

आज दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आलो.

गुरुवार, २२ जानेवारी. सकाळी १०.
सांगितलं.
वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. पाठमोऱ्या होत्या म्हणून जमलं. डबा, हातगाडी, मिशी, सगळं. शेवटचा चिमटा लावून त्या वळल्या आणि म्हणाल्या, मला माहीत आहे.

रोज या दोरीवर कपडे घालते रितेशभाऊ, म्हणाल्या. तुमचे दाणे खालीच पेपरवर पसरलेले असतात. हार उतरवल्याबरोबर ओळखलं. त्याच रात्री फोनवर मम्मीला सांगितलं.

मी विचारलं, मग काकूंनी का नाही सांगितलं.
वहिनी म्हणाल्या, मम्मी म्हणाली, गप्प राहा. मी बस धरून निघून आले, तुझ्या सासूला त्याच गल्लीत राहायचं आहे.

मला खाली बसावंसं वाटलं, पण खाली दाणे वाळत होते.

वहिनी म्हणाल्या, तुम्ही रोज चमचा चमचा सांगत होतात, मी वाट पाहत होते पुरं कधी होतंय. झालं. पण मला सांगून काय उपयोग. जिथे मम्मीचं नाव गेलं तिथे सांगा.

शनिवार, २४ जानेवारी.
उद्याचं भाषण तयार. चौदा ओळी. दोनदा शुद्धलेखन तपासलं. पुरावा म्हणून सुधारित घाण्यातले दाणे आणि काचेचा ग्लास नेणार. पाण्यात टाकले की विरघळतील, वास येईल, बायकांना पटेल. निर्मलाकाकूंचं नाव एका मिनिटात साफ.

रविवार, २५ जानेवारी. रात्री ८.
घडलं तसं लिहितो.

सुलभाकाकूंच्या ओसरीवर गेलो. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष पाहून गलका थांबला. आई आणि वहिनी आत बसल्या होत्या. भाषणाचा कागद काढला, पण चौदा ओळी फार वाटल्या, म्हणून न वाचताच बोललो. हलवा निर्मलाकाकूंनीच केला होता आणि तो चांगला होता. गळ्यातला हार वेगळा होता. त्यात माझा युरिया होता. मला सकाळीच माहीत होतं आणि मी बोललो नाही. काकूंची काही चूक नाही.

सुलभाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. आईला म्हणाल्या, भागीरथी, काय पोरगा आहे गं तुझा. वहिनीच्या माहेराची लाज झाकायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतोय.

मी म्हणालो, नाही काकू, खरंच मी. अलकामावशी म्हणाली, बस बेटा, समजलं आम्हाला.

तेव्हा आई उभी राहिली. आई चारचौघांत कधी बोलत नाही. म्हणाली, खरं सांगतोय तो. विहीणबाईचा हार माझ्या हातून पडला, हा मी जोडला, याच्या डब्यातून. डबा कशाचा ते आत्ता कळतंय मला. सुलभाकाकूंनी तिचा हात धरून खाली बसवलं आणि सगळ्यांना म्हणाल्या, पाहा, सासू असावी तर अशी.

मी आणलेला ग्लास पुढे ठेवला. पाणी भरलं. मूठभर दाणे टाकले. सगळ्या पुढे सरकल्या.

दाणे तळाशी जाऊन बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. चमच्याने ढवळलं. दाणे ग्लासात छान वाजले. सुलभाकाकू म्हणाल्या, युरिया असा असतो का बेटा, एवढी वर्षं टाकतेय मी. एक दाणा पाट्यावर वरवंट्याने फोडून त्यांच्या नाकाशी धरला. त्या म्हणाल्या, पावडरचा वास येतोय. आणि माझ्या गालाला हात लावला.

माझ्या आयुष्यातलं हे पहिलं यशस्वी कोटिंग.

बायका वाण घेऊन निघाल्या. जाताना अलकामावशी आईला म्हणाली, माझी भाची तृप्ती बघितली ना तू, तिच्यासाठी असाच पोरगा शोधतोय आम्ही. आणि दारातच सुलभाकाकू कुणाला तरी हळू म्हणाल्या, बघ ना, त्या पेपर मिलवालीपायी या गरीब मायलेकरांना काय काय बोलावं लागतंय.

वहिनी शेवटपर्यंत ग्लासाकडे पाहत बसल्या होत्या. उठल्या तेव्हा ग्लास उचलून घरी घेऊन आल्या.

सोमवार, २६ जानेवारी. सकाळी ९.
बाबांना काल गोणी द्यायची होती. आज पिशवीभर सुधारित दाणे दाखवले. बाबांनी दोन दाणे दातांखाली धरून पाहिले, थुंकले, आणि म्हणाले, केळीला आधी दात बसवून आण.

दादाने सकाळी वहिनींची माफी मागितली. वहिनी म्हणाल्या, माझी नको, मम्मीची माग. तो अंघोळीला गेला.

वहिनींनी काकूंना फोन लावून माझ्या हातात दिला. मी कालचं सगळं सांगितलं. बायकांना पटलं नाही हेही सांगितलं. काकू म्हणाल्या, असू दे बेटा. जेवलास का.
नऊ वाजता कुणी जेवत नाही. तरी हो म्हणालो.

खर्च:
थिनर, चार वेळा: ६४० रुपये
टाल्कम पावडर, सात डबे: ७३५ रुपये
थर्माकोल: दुकानाबाहेर फेकलेला, फुकट
युरिया: बाबांच्या गोणीतला, बाबांनी मोजलेला नाही

देणे:
दीपकला, थिनरचे: ६४०
वहिनींची काळी साडी, डाग निघत नाहीत: २,८००, त्या घेत नाहीत
आईला: ती विचारत नाही
निर्मलाकाकूंना: गल्लीत घरं एकवीस. एकेका दारी जाऊन सांगायचं ठरवलं आहे. आज सकाळी पहिल्या दारी गेलो. तिथल्या काकूंनी आत बोलावलं, चहा दिला, आणि जाताना हातावर तिळगूळ ठेवून म्हणाल्या, देव करो, असा दीर सगळ्यांना मिळो.
बाकी: वीस.